कडक सोमवार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण आधी मालूआक्काबद्दल बोलू द्या. तिच्याबद्दल बोलायला लागले की मला बरं वाटतं. आणि खरं म्हणजे — माझं तेवढंच जरा पुढे ढकलता येतं.

मालूआक्का करंज्याची कोळीण. पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. आम्ही तेव्हा विचुंब्याला नवा फ्लॅट घेतला होता. विमानतळाच्या नुसत्याच गप्पा होत्या, पण इमारती मात्र भराभरा उठत होत्या. त्या बांधायला लांबलांबून माणसं यायची. कुणी आजारी पडलं की मुकादम त्याला तिथंच टाकून पुढच्या कामावर जायचा. ती माणसं मग स्टेशनजवळच्या पुलाखाली झोपायची. आम्ही नाकाला रुमाल लावून बाजूनं जायचो. आक्का थांबली.

सोमवारी लोक मासळी खात नाहीत, म्हणून तिचा धंदा थंड. सोमवारी सलून बंद, म्हणून तिच्या ओळखीचा सलूनवाला दिनेश मोकळा. झालं, एवढ्यावर त्यांचं काम उभं राहिलं. दर सोमवारी पुलाखालच्या माणसांना बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणायचं. केस कापायचे, गरम पाण्यानं आंघोळ घालायची, धुतलेले कपडे द्यायचे, कुणाला औषध लागत असेल तर ते बघायचं, आणि मग पंगत. ना बॅनर, ना फोटो. एवढ्या मनाची बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि आता पाहीन असं वाटत नाही.

मी तिथं गेले कशी? सोसायटीतल्या बायकांना सांगायला काहीतरी हवं होतं, दुसरं काय. पण कामाला मी मागे हटले नाही हो. बायकांना आंघोळ घालायचं काम माझ्याकडे होतं. उवा, जखमा, महिनोन्महिन्यांचा मळ — सगळं मी या हातांनी धुतलं.

आक्काचा नियम एकच. ज्याला तुम्ही न्हाऊ घातलं, त्याच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर जेवायचं. ती म्हणायची, "पोटाला द्यायला खूप जन हायेत. बाजूला बसायला कोन नाय."

पहिल्याच सोमवारी पान वाढलं. भात, आमटी, वांग्याची भाजी. शेजारची म्हातारी आमटीत पाची बोटं बुडवून भुरके मारत होती. मी माझं पान जरा पुढे सरकवलं. आणि तोंडातून आपोआप निघालं — माझा सोमवार आहे. कडक. चहासुद्धा चालत नाही.

कुणी संशय घेतला नाही. घेणार कसा? सोमवारचा उपास आपल्याकडे कोण करत नाही? उलट माझा मान वाढला. उपाशीपोटी एवढी राबते म्हणून दिनेश माझ्याकडे आदरानं बघायचा. सोळा सोमवार धरलेत असं मी सांगितलं, आणि सोळा झाल्यावर पुढचे सोळा धरले. दुपारी घरी यायचे, दार लावायचे आणि पोळी-भाजी जेवायचे. वर ताकही.

तरी इथवर ते नुसतं खोटं होतं. मग यल्लम्मा आली.

यल्लम्मा गुलबर्ग्याकडची. बांधकामावर विटा वाहायची. पायाची जखम चिघळली, तेव्हा तिला सोडून सगळी टोळी निघून गेली. साखरेचा आजार होता, तोही इथल्या डॉक्टरांकडे नेल्यावर कळला. तिला न्हाऊ मीच घालायचे. तिचा माझ्यावर जीव जडला. ताई जेवत का नाही, असं तिनं आक्काला विचारलं असणार. आक्कानं आपल्या भाबडेपणानं सांगितलं, तुमच्यासाठीच उपास धरते ती.

झालं. यल्लम्मानं मला न सांगता सोमवार धरला. सकाळी साखरेच्या आजाराची गोळी घेतली आणि दुपारी पानावर बसून नुसती हात जोडून राहिली. बघता बघता घामानं थबथबली आणि कलंडली. आक्कानं तिच्या जिभेवर साखर चोळली म्हणून ती शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, गोळी घेऊन पुन्हा अशी उपाशी राहिली तर जीव जाईल.

पण पुढच्या सोमवारी ती पुन्हा हात जोडून बसली, ऐकेना. ताई करते, मग मी करणार.

तेव्हा आक्कानं मला बाजूला घेतलं. मासळी बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, पण माझ्याशी किती हळू बोलली. "ताई, तुमी तिच्याबरोबर एक घास खावा. देवाला मी सांगतें. तुमी खाल्लात तर ती खाईल."

एक घास. व्रत नव्हतंच, मोडायचं काय होतं? मी यल्लम्माकडे पाहिलं, तिच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं, त्या ताटाकडे पाहिलं. आणि म्हणाले, "नाही हो आक्का, संकल्प आहे. मोडता येत नाही."

आक्कानं मान हलवली. रागावली नाही. देवाधर्माचा तिला धाक होता, तिला ते पटलंसुद्धा. ती यल्लम्माजवळ गेली, पानासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "तुजा उपास आजपासून माजा. मी करतें. तू जेव." आणि तिला आपल्या हातानं भरवलं.

तेव्हापासून दर सोमवारी आक्का खरंच उपाशी राहायला लागली. पहाटे करंज्याच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावाला उभी राहणारी बाई ती. दुपारी शेडमध्ये यल्लम्माच्या शेजारी बसायची, रिकामं पान पुढ्यात घेऊन. पाणीसुद्धा घ्यायची नाही, कारण ताईंचा उपास कडक म्हणून यल्लम्माचाही कडक. मी हे बघायचे. बघून घरी जायचे आणि दार लावून जेवायचे. कधी एखाद्या सोमवारी घास अडकला असेल? नाही. खोटं कशाला बोलू, अडकला नाही.

यल्लम्माची जखम भरली. आक्कानं कुणाकुणाला विचारत तिच्या भावापर्यंत निरोप पोचवला, आणि तो न्यायला आला. तोही सोमवारच होता. निघताना यल्लम्मा आक्काच्या गळ्यात पडून रडली. आक्कानंच तिला माझ्याकडे वळवलं. म्हणाली, "ताईंच्या पाया पड. त्यांच्या पुन्याईनं वाचलीस."

ती वाकली. माझ्या पावलांवर तिनं कपाळ टेकलं. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला — आणि आक्का शेजारी उभी राहून कौतुकानं बघत होती, सकाळपासून उपाशी.