मॅगझिनला लावलेली विभूती

मी नांदेडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. त्यामुळे जगात कधीही, कुठेही, काहीही झालेलं असलं तरी ते मला ठाऊक असणारच, असा आमच्या घरच्यांचा ठाम समज आहे. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी उदगीरहून मधल्या भावाचा फोन आला आणि त्यानं सरळ हुकूमच सोडला, "अक्का, त्या असॉल्ट रायफलीचं जरा वाचून ठेव. कुणी काढली, कशी काढली. अव्वाला बोलू नको. धाकट्याला तर अजिबात न्हाई."

भावाचं एमआयडीसीत पत्रा दाबायचं वर्कशॉप आहे. दालमिलच्या चाळण्या आणि पेरणी यंत्राचे बियाण्याचे डबे, हे आमचं वडिलांपासूनचं काम. पण दालमिली एकेक करून बंद पडत गेल्या, डबे गुजरातेतून तयार यायला लागले आणि मोठी प्रेस नुसती उभी राहिली. अशात एका कंपनीनं त्याला रायफलीच्या मॅगझिनचा नमुना करून मागितला. मॅगझिन म्हणजे बंदुकीला खालून लावायची गोळ्यांची पेटी. परवाने-बिरवाने सगळे कंपनीचे, आपण फक्त पत्रा दाबायचा. नमुना पास झाला तर प्रेस वाचणार होती. नाहीतर दिवाळीनंतर विकायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

अव्वापासून, म्हणजे आईपासूनही, लपवाछपवी होती ती धाकट्या भावामुळे. तो निमलष्करी दलात. त्याच्या आदल्या वर्षी जंगलात त्याच्या मांडीतून गोळी आरपार गेली आणि तो काठी घेऊन घरी आला. तिथं काय झालं हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. टीव्हीवर गोळीबार सुरू झाला की उठून अंगणात जायचा. अशा माणसाच्या घरात मॅगझिनं करायची! मी भावाला फोनवरच झापलं. "मग काय करू, तूच सांग," तो म्हणाला. मला काही सांगता येईना, म्हणून वाचायला घेतलं.

वाचलं ते असं. जुन्या रायफलींची गोळी मैलभर जायची, पण सैनिक खरे लढायचे तीन-चारशे मीटरच्या आतच. लांबच्या गोळीचा धक्का एवढा, की ती भराभर झाडली तर नळी हातात ठरत नसे. पिस्तुलाची गोळी झाडणाऱ्या छोट्या बंदुका होत्या, त्यांचा पल्ला पुरत नसे. पहिल्या महायुद्धातच एका रशियन अधिकाऱ्यानं हलकी जपानी गोळी घेऊन मधला मार्ग काढून पाहिला, पण त्या बंदुका थोड्याच झाल्या. पुढच्या महायुद्धात जर्मनांनी काडतूस आखूड करून मधल्या ताकदीची गोळी केली. बंदुकीचं अंग कोरण्याऐवजी पत्रा दाबून केलं, कारण त्यात वेळ वाचतो आणि कसलेले कारागीर कमी लागतात. त्यांच्या हुकूमशहाला ही नवी रायफल नकोच होती, म्हणून अधिकाऱ्यांनी ती दुसऱ्याच नावाखाली करायला घेतली. पुढे त्याला पटली आणि तिला हल्ल्याची रायफल, म्हणजेच असॉल्ट रायफल, हे नाव मिळालं. घरच्यांपासून लपवून करायचं काम तेव्हापासूनचंच, असं मनात आलं आणि मला माझाच राग आला.

मग रशियन. रणगाड्यावरचा एक जखमी सार्जंट दवाखान्यात पडल्या पडल्या बंदुकीचा विचार करायला लागला. त्याच्या रायफलीचं अंगही आधी पत्र्याचंच होतं. पण दाबलेले नग एवढे खराब निघायला लागले, की मध्ये काही वर्षं ते पोलादातून कोरून काढावं लागलं. पत्रा नीट जमला तो नंतर. म्हातारपणी तो म्हणायचा, शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असं एखादं यंत्र काढलं असतं तर बरं झालं असतं. हे वाचून मला फार अस्वस्थ वाटलं. दोन दिवस वर्गात शिकवण्यात लक्ष लागलं नाही.

अष्टमीला मी अहमदपूरमार्गे एसटीनं उदगीरला पोचले. भाऊ स्टँडवर न्यायला आला होता. गाडीवर मागं बसून मी त्याला सगळं सांगितलं. मॅगझिनची पेटी वाकडी का असते, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, काडतूस बुडाशी जाड आणि पुढं निमुळतं असतं, अशी काडतुसं एकावर एक रचली की रांग आपोआप वळते. तो खूश झाला. मग त्या म्हाताऱ्याचं शेतकऱ्याच्या यंत्राचं बोलणं सांगितलं, तेव्हा तो वळून म्हणाला, "आपण तेच करत होतो की, अक्का. घेतंय कोण?" 

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, पुसून पुजायची आणि एकदा पुजली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. पूजा अव्वाच करते. तिनं वर्कशॉपात हातोड्या, पाने, कात्र्या पाटावर मांडल्या, प्रेसला झेंडूचा हार घातला आणि प्रत्येकाला विभूतीची तीन बोटं ओढत गेली. भाऊ कापूर आणायला गेला होता. तेवढ्यात तिला टेबलाच्या खणात फडक्यात गुंडाळलेला नमुना सापडला. तिला वाटलं, पेरणी यंत्राचा नवा डबा. बऱ्याच दिवसांनी डब्याचं काम आलं म्हणून तिनं तो मधोमध ठेवला, विभूती लावली, वर मोठं फूल ठेवलं आणि गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन डोळे मिटले.

मी पाहिलं तोवर उशीर झाला होता. धाकटा काठी टेकत आत आला, पाटापाशी थांबला आणि खाली वाकून त्यानं तो उचलला.

"अरे, पुजल्यावर हात लावत्यात का?" अव्वा ओरडली.

"अव्वा, हे काय हाय ठाऊक हाय का तुला? ह्यात गोळ्या भरत्यात."

दारात कापराची पुडी घेऊन भाऊ उभा होता. अव्वानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, आता धाकटा पेटी भिंतीवर फेकणार. मी खरोखर घाबरले होते. पण त्यानं ती उजेडात धरली. वरच्या तोंडाशी दोन कडा आत वळवलेल्या असतात, त्या गोळीला धरून ठेवतात. त्यांच्यावरून तो अंगठा फिरवत राहिला.

"अण्णा, डावी कड उघडी हाय," तो म्हणाला. "गोळी तिरपी वर येते अन् अडकते. माझी तशीच अडकली. मी ती काढत होतो, तवाच लागली."

त्याबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. 

"अन् समोरच्याची?" अव्वानं विचारलं.

"त्यांची न्हाई अडकली. ती बी आपलीच होती, अव्वा. आमच्या चौकीवरनं लुटलेली."

भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पेटी घेतली आणि तसाच प्रेसकडे निघाला. "आत्ता नीट करतो. परवा कंपनीचा माणूस येतोय."

"आज न्हाई," अव्वा म्हणाली. "ठेव तिथंच. पुजलंय मी."

पेटी पुन्हा पाटावर गेली. अव्वानं विभूती पुसली नाही, फूलही काढलं नाही. घरी येऊन ती न जेवता आडवी झाली. मी कॉलेजात युद्धांची कारणं आणि परिणाम पाठ करून घेते, पण त्या रात्री मी तिच्यापाशी बसून नुसते तिचे पाय चेपले.

दसऱ्याच्या सकाळी प्रेस सुरू झाली ती त्याच कामानं. दोघं भाऊ डायवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यावर, वाकले होते. कड घासत होते, दाबत होते, पुन्हा मोजत होते. जखमी होऊन आल्यापासून धाकट्याला एवढा वेळ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं, काठी भिंतीला टेकलेली होती. अव्वा आणि मी दाराशी बसलो होतो. नवी पेटी निघाली. धाकट्यानं त्यात नमुन्याची खोटी काडतुसं भरली, एकेक अंगठ्यानं पुढे ढकलून बाहेर काढली, सगळी सरळ आली. किती दिवसांनी तो हसला.

"आता अडकायची न्हाई," तो म्हणाला.

"कुणाची?" अव्वानं विचारलं.