दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

आमच्या खोलीत चौथा आला, त्याचं नाव आम्ही दोन दिवसांत नकोबा ठेवलं. चहा घेणार? नको. पांघरूण हवं? नको. तोंडाने नको आणि डोळे कपावर. आम्ही तिघं त्याच्याच देशातले, त्यामुळे दोन-तीनदा आग्रह करायचो. मग स्वारी हळूच कप पुढे ओढायची. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा पोरगा त्याच्या घरी हावरट ठरायचा.

या परक्या देशात मात्र आग्रह नावाची भानगडच नव्हती. वर्गातल्या पोरांनी एकदा जेवायला बोलावलं, हा नको म्हणाला आणि ती खुशाल निघून गेली. कोणीतरी परत बोलवायला येईल म्हणून हा बराच वेळ कॉलेजच्या पायरीवर बसून राहिला. ऐकून मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं.

खरा घोळ घातला तो प्रयोगशाळेत. बियाण्यांवर संशोधन करणाऱ्या बाईंच्या हाताखाली शिकायचं, एवढ्यासाठी तर हा घरदार सोडून आला होता. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मदतनीस म्हणून येशील माझ्याकडे?"

पठ्ठ्या म्हणाला, "नको, नको. मी कुठे एवढा हुशार!"

"बरं," म्हणून बाई कामाला लागल्या.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. आम्ही कितीही आग्रह केला तरी नाही. शेवटी मी वैतागलो. "अरे गाढवा, उद्या जा आणि सरळ माग!" मग आमची तालीम सुरू झाली. मी बाई झालो आणि विचारलं, "काय हवंय?" तर हा म्हणे, "काही नाही, सहज आलो होतो." मी डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी गेला मात्र. "मला ते काम हवंय," म्हणाला.

"मग काल नको का म्हणालास?"

"आमच्याकडे पुन्हा विचारतात."

पण ती जागा बाईंनी सकाळीच एका मुलीला दिली होती. "आता काचेची भांडी धुवायचं काम तेवढं उरलंय, तुला जर..."

"हवंय!" त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत हा ओरडला.

आम्हाला हे सांगताना खूश होता, हसत होता. मग एकदम हसायचा थांबला. म्हणाला, "आई तिथे असती ना, तर म्हणाली असती, हेच शिकवलं का रे मी तुला?"