जेवलात का?

आम्ही दोघंही नाशिककडचे, पण ओळख झाली ती स्पेनमध्ये, स्पॅनिशच्या वर्गात. मला सातपूरच्या कारखान्याने पाठवलं होतं. तो चांदवडचा, द्राक्षं परदेशी पाठवायची म्हणून स्वखर्चाने आलेला. व्याकरणात कच्चा, पण बोलायला घाबरायचा नाही. छातीवर हात ठेवून भेटेल त्याला स्पॅनिशमध्ये विचारायचा, "जेवलात का?" बसच्या ड्रायव्हरला, शिकवणाऱ्या बाईंना, आमच्या इमारतीत एकटे राहणाऱ्या आजोबांना. लोक आधी गोंधळायचे, मग हसायचे. महिन्याभरात त्याला घरी बोलावणारे चौघं झाले. मला कुणीच नव्हतं.

एकदा जिन्यात मी त्याला झापलं. "अहो, इथे असं विचारत नाहीत. लोक हसतात तुम्हाला."

"असं हाय का? मला काय लय कळत नाय, दादा. बरं झालं सांगितलं."

त्यानंतर तो सगळ्यांना नुसताच नमस्कार करू लागला.

आठवड्याभराने आजोबांनी मला दारात थांबवलं. "तुमचा मित्र माझ्यावर रागावलाय का? हल्ली जेवणाचं विचारत नाही."

"परीक्षा जवळ आलीय," मी म्हणालो.

खरं म्हणजे मला त्याचा हेवा वाटत होता. आजोबांचं बोलणं मी त्याच्यापर्यंत पोचवलंच नाही. आता तो कधीमधी नाशकात भेटतो, आवर्जून चहा पाजतो आणि बरोबरच्यांना सांगतो, "या दादांनी येळेवर टोकलं, नायतर तिथं माझं हसं झालं असतं."

मी मान डोलावतो.