पडद्यावरचा मगन

शहाण्णव साली पिंप्राळ्यातला वाल्मीक म्हणजे अडलेल्या कॉम्प्युटरचा वैद्य. चित्रांचा प्रोग्राम कुणाचाही बिघडो, हाक त्यालाच जायची.

एका दुपारी भडगावच्या केसरबाई त्याच्या दुकानात आल्या. वर्षश्राद्धासाठी त्यांना मुलाचा, मगनचा, मोठा फोटो हवा होता. लग्नाच्या घोळक्यातला त्याचा नखाएवढा चेहरा वाल्मीकने पडदाभर केला, आणि कॉम्प्युटर तिथेच अडकला.

"बंद करून चालू करतो, अक्का. पुन्हा आणतो त्याला."

"एकदा गेलाच ना तो, भाऊ. आता माझ्यादेखत नको घालवू."

बटणाकडे गेलेला हात वाल्मीकने मागे घेतला. बाकीच्या गिऱ्हाइकांना त्याने परत पाठवलं. केसरबाई मुलासमोर बसून राहिल्या.

संध्याकाळी वीज गेली. काळ्या पडद्यावरून केसरबाईंनी हात फिरवला. काच अजून कोमट होती.