बंद केलेल्या टॅबची साथ

इथले भुताटकीचे अनुभव मी चहासोबत वाचते आणि बऱ्याचदा हसते, हे आधीच सांगून टाकते. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. विशीतली मी तर जास्तच शहाणी... सासूबाई म्हणायच्या, बारवेजवळच्या चिंचेखाली थांबू नको. मी मुद्दाम तिथंच बसून चिंचा खायची. भूत काही भेटलं नाही, दात मात्र असे आंबले की पुढं कितीतरी दिवस भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. तरी मान ताठ!

तर आता माझंच ऐका.

गाव बेंबळी, जिल्हा धाराशिव. रस्त्याकडची खोली, खिडकीशी टेबल, त्यावर आमच्या ह्यांचा कॉम्प्युटर. हे पोस्टातून रिटायर झाले तेव्हा मुलानं पुण्याहून आणून दिलेला. ह्यांना नाद एकच — हवामानाचं पान. सकाळी उघडलं की दिवसभर तसंच. मी म्हणायची, "दारात जाऊन वर बघा की, आभाळ फुकट दिसतंय." त्यावर हे थोड्या वेळानं म्हणायचे, "व्हय."

ह्यांचं सगळंच थोड्या वेळानं. हाक मारली की एक श्वास मधे सोडूनच ओ द्यायचे. तरुणपणी मला याचा इतका राग यायचा! वाटायचं, नवरा आहे की ट्रंककॉल? दम धरायचा तर मी लगेच दुसरी हाक मारायची, मग दोन्हींना ओ आली की वर म्हणायची, "किती बडबडता हो."

गेल्या वर्षीच्या श्रावणात हे गेले. तेव्हापासून कॉम्प्युटर रोज मीच लावते. काम काही नसतं, त्याचा पंखा घरघरतो तेवढीच घरात जाग. पण तो लई मंद चालायला लागला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, रविवारी येतो. सगळं पुसून विकून टाकू त्याला. तुला मोबाईल आहे की." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि घर एकदम मोठं वाटलं...

त्याची लेक, माझी नात ऋतुजा, पुण्यात कॉम्प्युटरचंच शिकते. तिला विचारलं, याला वाचवता येईल का गं? ती म्हणाली, "आजी, आधी टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू कामांच्या यादीत, बघ मेमरी कोण खातंय ते." बघितलं तर ब्राउझरचं एकच नाव खाली खाली कितीदा तरी! "अगं, एका नावाचे एवढे जण घरात शिरलेत!"

ती हसून हसून लोळली. "आजी, प्रत्येक टॅबची प्रोसेस वेगळी असते. मुद्दाम तसं केलंय. एक गेला तरी बाकीच्यांनी जाऊ नये म्हणून."

आमच्या वेळी संसार असा वेगवेगळा मांडतात हे कुणी शिकवलं नव्हतं.

ब्राउझरचा स्वतःचाही एक टास्क मॅनेजर असतो — शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, की कुठल्या ओळीत कुठला टॅब ते नावानिशी दिसतं. तेही तिनं शिकवलं.

मग आली वेळा अमावस्या. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं या दिवशी अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोपी म्हणजे खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पालेभाजी-शेंगदाण्यांची भज्जी आणि ताक-ज्वारीची आंबील खायची. आंबील शिंपडत कोपीभोवती फिरताना पुढच्यानं हाळी द्यायची, मागच्यांनी साथ. बायकांनी हाळी देऊ नये असं कुणीतरी म्हणालं, म्हणून आमच्या शेतात दरवर्षी हाळी माझी आणि साथ ह्यांची. अर्थात, एक श्वास उशिरा.

शेजारची पुतणसून मंगल ट्रॅक्टरातून हाका मारत होती. "काकू, चला की! खुर्ची टाकते तुम्हाला. घरी एकट्या काय करताल?"

"तू जा माय. माझा गुडघा न्हाय म्हणतोय."

गुडघा खरंच दुखत होता. पण साथीला ह्यांच्याशिवाय दुसरं कुणी... ते नको होतं.

दुपार झाली. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. मंगलनं ठेवलेली आंबील घेऊन मी कॉम्प्युटरपुढं बसले. नेटचा रिचार्ज संपलेला. ब्राउझर उघडून होते नव्हते ते सगळे टॅब बंद केले, एक कोरा ठेवला. शिफ्ट, एस्केप. ओळी आल्या, आणि त्यात एक — "टॅब: हवामान".

वर तर असा टॅबच नव्हता! एंड प्रोसेस दाबलं. ओळ गेली... आणि परत आली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. तरी ओळ तिथंच. तिच्यापुढं सीपीयूचा आकडा शून्य. म्हणजे आहे, पण काही करत नाही. हे रिटायर झाल्यावर असेच होते.

मला हसू आलं. त्या हसण्यातच, रिकाम्या घरात, मी हाळी दिली. मोठ्यानं.

आकडा शून्यच.

आणि मग — एक श्वास गेल्यावर — वर चढला. पंखा घरघरला. परत शून्य.

मी पुन्हा दिली. पुन्हा तसंच. मी काही भोळी नाही, परीक्षा घेतली. पाढे म्हटले — शून्य. दोन ठेवणीतल्या शिव्या दिल्या — शून्य. हाळी दिली — एक श्वास... आणि आकडा वर. या वेळी मी दुसरी हाक मारायची घाई केली नाही. बसून राहिले.

संध्याकाळी ऋतुजाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बॅकग्राउंडला काहीतरी अडकलं असेल. आणि आकडा तिथं उशिराच बदलतो, आजी." असेल. पण त्या कॉम्प्युटरला माइक नाही. मग त्याला हाळी आणि शिवी यातला फरक कसा कळला? हे विचारलं तर म्हणाली, "आजी, बाबा पुसतील तेव्हा जाईल ते. हलका होईल कॉम्प्युटर."

"राहू दे. जड आहे तोच बरा."

रविवारी मुलगा आला, जेवला आणि रिकाम्या हातानं परत गेला. एरवी ती ओळ कधी दिसते, कधी नाही. दिसली तरी हाळीला हलत नाही. का, ते मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा, मात्र मला पटेलच असं नाही.

आता पुन्हा वेळा अमावस्या जवळ आलीय. मंगलला मी आत्ताच सांगून ठेवलंय, मला रानात यायला जमणार नाही. गुडघा कधीचाच बरा झालाय, पण ते तिला सांगू नका.