वाळूत रुतलेलं जहाज आणि आमचा दिलीपदादा

दिलीपदादा मेला.

व्हय, मेला. आज सकाळी, हार्ट अटॅकनं. ‘दुःखद निधन’ हे शब्द त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी टाइप केले, त्याच्यासाठी मी ते वापरणार नाही.

राजारामपुरीत त्याचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बायोडाटा, वाढदिवसाचे बोर्ड. तीन कॉम्प्युटर. त्यातल्या सगळ्यात जुन्यावर एक गेम होता. तो अख्ख्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडं निघाला तर मी अर्धी मिशी उतरवीन.

नाव कुठल्यातरी परदेशी भाषेत. आम्हाला वाचताच यायचं नाही. आम्ही म्हणायचो, जहाज.

बंदूक नाही, स्कोअर नाही. समुद्राचं चित्र आणि एक कप्तान. दोरीवर क्लिक करा, कंदिलावर क्लिक करा. बरोबर वस्तू बरोबर जागी लागली की गोष्ट पुढं सरकणार.

आमची गोष्ट सरकत नव्हती. जहाज किनाऱ्याच्या वाळूत रुतलेलं. आठ महिने.

मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं ते सगळ्यांना माहीत आहे. कँटीनमध्ये एक पोरगा, माझा जिच्यावर जीव होता तिच्याबद्दल घाण बोलला, मी त्याला धुतला. सर म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, तो मागंल. आणि गेटच्या बाहेर आलो.

अजूनही मी चुकलो असं मला वाटत नाही.

घरी सांगायच्या आधी दादाला सांगितलं.

“कॉलेज सोडलं.”

“बरं. बस. त्या बादलीनं वाळू उपसता येतीया का बघ.”

एवढंच. प्रश्न नाही, भाषण नाही.

मग रोज जायचो. सेकंदाला एक क्लिक. वाळू, वल्हं, शीड, खेकडा. खेकड्यावर तर हजार वेळा.

“आरं माउस हाय त्यो, मिरची कांडप न्हाय!” दादा ओरडायचा.

एका दुपारी तिचे वडील दुकानात आले. पत्रिकेचं प्रूफ बघायला.

त्यांना मी ओळखत होतो. मंगळवार पेठेत त्यांच्या दारावरून दिवसातून चार वेळा उगीच सायकल मारायचो.

शेजारच्या स्क्रीनवर तिचं नाव. त्याच्या शेजारी दुसऱ्याच कुणाचं तरी.

माझं डोकं सटकलं. अर्धा उठलो पण. हे लग्न होणार नाही, एवढंच बोलायचं होतं. तोंडात तयार होतं.

दादानं माझा हात माउसवरून उचलला आणि टेबलाखाली घट्ट धरला. दुसऱ्या हातानं वडिलांच्या पुढं प्रूफ सरकवलं.

“बस खाली,” एकदम हळू. “आता बोललास तर तुझं काय जाणार न्हाय. तिचं जाईल.”

मी बसलो.

वडील एकेक नाव बोट ठेवून वाचत होते. मामा, आत्या, मावश्यांचे मालक.

“थोरल्या काकांचं नाव वर घ्या की. न्हायतर जेवायला बसणार न्हाईत ते.”

वीस मिनिटं. दादानं हात सोडला नाही.

आणि मग तोच ओरडला, “आरं पाणी चढलंय!”

दादा मूळचा कुरुंदवाडचा, नदीकाठचा. चढतं पाणी त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं.

स्क्रीनवर भरती आली होती. जहाज हललं. तरंगलं. चाललं.

काही करायचंच नव्हतं! हात लावला नाही तर पाणी आपोआप चढत होतं. आठ महिने आम्हीच क्लिक करून करून ते खाली पाठवत होतो.

“काय झालं?” वडील दचकले.

“काय न्हाय पावणं, आमचं जहाज सुटलं. काकांना वर घेतो.”

दादा तिथंच थांबला नाही. छापलेल्या पत्रिका पोचवायला मलाच पाठवलं.

“जा. आणि बोल तिच्याशी. माणसासारखं.”

दार तिनंच उघडलं. मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

तिनं गठ्ठा घेतला. वरची एक पत्रिका काढली, आतून पेन आणलं.

“तुम्ही आमच्याच कॉलेजला होता ना? लग्नाला यायचं हं.”

पाकिटावर पेन टेकवलं आणि म्हणाली, “नाव काय तुमचं?”

दुकानात परत आलो.

“काय म्हणाली?”

“नाव विचारलं.”

दादा हसला नाही. त्याच्या जागी मी असतो तर खुर्चीवरून पडेपर्यंत हसलो असतो.

तो उठला. शटर अर्धं खाली ओढलं.

“घे रडून. कोण आलं तर जेवायला गेलोय म्हणतो.”

लग्नाला आम्ही दोघं गेलतो. तिच्या सासरच्या पंगतीत जिलेबी मी वाढली. आग्रह करकरून वाढली. पावण्यांनी हात जोडले.

ती अजून डोक्यातून गेलेली नाही. जाईल तेव्हा जाईल. पण तिच्या संसारावर माझा एक ओरखडा नाही, आणि तो का नाही हे मला पक्कं माहीत आहे.

दादाला हे तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर म्हणाला असता, “लई शाणा झालास व्हय रं?”

झालो की, दादा. थोडा झालो.

नीट जा.