पालीचं हवामान

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका आठमजली ऑफिसच्या इमारतीतला एसी सांभाळतात. सांभाळतात म्हणजे तळघरातली यंत्रं चालू ठेवतात आणि वरच्या मजल्यांवर तक्रारी ऐकत फिरतात. यंत्रं क्वचित बिघडतात, माणसं रोज बिघडतात. तिसऱ्या मजल्यावर एकाच रांगेत एक टायपिस्ट बाई स्वेटर घालून बसायच्या आणि त्यांच्या शेजारचे गृहस्थ फायलीनं वारा घेत बसायचे. दाजी जायचे, छताकडे गंभीरपणे बघायचे, जिन्यात जाऊन थोडा वेळ उभे राहायचे आणि परत येऊन "झालं काम" म्हणायचे. दोघांनाही लगेच बरं वाटायचं. यावरून दाजींनी ठरवून टाकलं होतं की उकाडा आणि थंडी हे सगळे मनाचे खेळ आहेत. खोलीच्या मधोमध तापमापकाचा काटा बरोबर असला की विषय संपला.

घरीही हाच कारभार. पन्नाशी जवळ आल्यापासून ताईच्या अंगातून अधूनमधून जाळ निघाल्यासारखं व्हायचं. भाजी निवडता निवडता मान घामानं निथळायची, कान लालबुंद व्हायचे. बेडरूममध्ये एसी बसवा, म्हणून ती दोन वर्षं सांगत होती. अख्ख्या इमारतीला गारवा पुरवणारा हा माणूस तिला म्हणायचा, "शांत बस जरा. आपोआप उतरतं ते."

अशा घरात पाल आली. भाचीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिथल्या वसतिगृहात प्राणी चालत नव्हते, म्हणून तिनं आपली काचेची पेटी आईवडिलांच्या हॉलमध्ये आणून ठेवली. आत एक पिवळी, काळ्या ठिपक्यांची, जाडजूड शेपटीची पाल. ताईनं एकदा पेटीकडे पाहिलं आणि मग ट्यूबलाइटमागच्या दोन घरपालींकडे पाहिलं.

"त्या दोघी तिथे फुकट राहतात. हिलाच एवढा बंगला कशाला?"

भाचीनं जाताना वडिलांना समजावून सांगितलं, की पेटीची एक बाजू गरम हवी, दुसरी थंड, आणि कात टाकायला एक ओलसर गुहा हवी. दाजी हसले. "अगं, मी आठ मजले सांभाळतो. एक पाल नाही सांभाळणार?"

त्यांनी दिवा उचलून पेटीच्या मधोमध लावला, तापमापक मधोमध चिकटवला, काटा अगदी बरोबर जागी आणला आणि हात झटकले. पाल कोपऱ्यात काचेला चिकटून बसली. खायला सोडलेले चार रातकिडे समोर नाचत होते, तिनं ढुंकून पाहिलं नाही. "रुसलीय," दाजी म्हणाले. "होईल सवय."

सवय काही झाली नाही. तिनं कात टाकायला घेतली तेव्हा ती बोटांवरच अडकून राहिली, जणू घट्ट मोजे घातलेत. ओलावा कमी पडला असणार, असं दाजींनी निदान केलं आणि फवारा घेऊन सकाळ-संध्याकाळ पेटी भिजवायला सुरुवात केली. ओल उडून जाऊ नये म्हणून वरच्या जाळीवर प्लास्टिक ताणून बसवलं. काचा अशा धुरकटल्या की पाल आहे की नाही हे बोटानं पुसून बघावं लागे. एका दुपारी पुसून पाहिलं तर ती तोंड उघडून श्वास घेत होती आणि नाकाशी बुडबुडे आले होते.

त्या दिवशी दाजी पेटी छातीशी धरून दवाखान्यात धावले. गाडी मी चालवली, कारण ते पेटी खाली ठेवायला तयार नव्हते. आयुष्यात प्रथमच मी त्यांना हवेच्या बाबतीत घाबरलेलं पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी पालीला कोमट पाण्यात बसवलं, कापसाच्या काडीनं बोटांवरची कात अलगद सोडवली, औषध दिलं आणि मग प्लास्टिककडे बोट दाखवून विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," दाजी म्हणाले. "हवामानाचा मला चांगला अनुभव आहे."

"मग हे प्लास्टिक काढा. हवा खेळती ठेवा. ओल फक्त गुहेत. दिवा एका टोकाला न्या, दुसरं टोक थंड राहू द्या."

"पण मग नेमकं किती ठेवायचं?"

"दोन्हीकडे काटे लावा, ते बघाच. पण ती कुठे जाऊन बसते, तेही बघा. गरम वाटलं की थंडीकडे जाईल, थंड वाटलं की परत येईल. तिला हलायला जागा द्या म्हणजे झालं."

घरी येऊन दाजींनी सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे केलं आणि पाल आठवडाभरात खायला लागली. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दाजी कुठलीही गोष्ट शिकले की घरादाराला ती भोगावी लागते.

हॉलमधला पंखा बंद झाला, कारण वाऱ्यानं पेटीतली ओल उडते. कुकर गॅलरीत गेला, कारण वाफेनं ओल वाढते. ओले कपडे घरात आणायचे नाहीत. आंघोळ करून आलेल्या माणसानं बाथरूमचं दार लावून घ्यायचं आणि हॉलमधून लगबगीनं निघून जायचं. मी एकदा चहाला गेलो तर शर्ट पाठीला चिकटला.

"दाजी, पंखा लावा की जरा."

"तिच्या दमटपणात फरक पडतो रे."

"आणि माझ्या दमटपणाचं काय?"

"तू काय, तासाभरात जाशील."

त्याच वेळी ताईला जाळ आला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजचं दार उघडून त्यात डोकं घालून उभी राहिली. दाजी मागोमाग गेले. मला वाटलं, पाणी द्यायला गेले.

"अगं, फ्रिज बंद कर," ते म्हणाले. "मागून गरम हवा सुटते, ती हॉलमध्ये येते."

ताईनं फ्रिज बंद केला. शांतपणे हात पुसले, बॅग भरली आणि मला म्हणाली, "चल, तुझ्याकडे येते."

आमच्या घरी ती खिडकीजवळच्या पलंगावर राहिली. दाजींचा पहिला फोन रातकिड्यांचा डबा कुठे आहे हे विचारायला आला. दुसरा, तो डबा आत्ता उघडला आणि किडे सोफ्याखाली गेलेत हे सांगायला. तिसऱ्या फोनला ताईनं उत्तरच दिलं नाही. मग ते स्वतः आले. दाढी न केलेले, शर्टाच्या खिशात तापमापक. बसल्या बसल्या सवयीनं तो काढून त्यांनी आमच्या खोलीचा काटा पाहिला. माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

"त्या पालीनं नुसतं तोंड उघडलं तर तुम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलंत," ताई म्हणाली. "मी दोन वर्षं तोंडानं सांगतेय."

"डॉक्टरांनी पालीचं सांगितलं ना, तेव्हा मला वाटलं—"

"माझी पालीशी तुलना करू नका."

"तुलना कुठे करतोय?" दाजी तापमापकाकडे बघत राहिले. "तिला मिळालं तेवढंही तुला दिलं नाही मी. एवढंच म्हणतोय."

मग त्यांनी काटा खिशात टाकला आणि विचारलं, "इथे बरं वाटतं का तुला? खिडकीपाशी?"

"हो," ताई म्हणाली. "वारा येतो."

ती त्याच आठवड्यात घरी गेली. बेडरूममध्ये एसी लागला, पेटी मागच्या छोट्या खोलीत गेली, हॉलमधला पंखा धूळ उडवत सुरू झाला. ऑफिसातही दाजींनी स्वेटरवाल्या बाईंना उन्हाच्या खिडकीशी हलवलं आणि फायलवाल्या गृहस्थांना बाईंच्या जागी. साहेब चिडले, कारण कुणी कुठे बसायचं हे हुद्द्यावरून ठरतं, अंगावरच्या घामावरून नव्हे. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मात्र खुर्च्या काही परत हलवल्या नाहीत, आणि खुर्च्या हलवणं हे काम साहेबांच्या हुद्द्याला शोभणारं नसल्यामुळे त्या तिथेच राहिल्या.

मागच्या रविवारी सकाळी दारात ताई. हातात बॅग. माझ्या बायकोनं आधी बॅग आत घेतली.

"आता काय केलं दाजींनी?"

"काही नाही गं." ताईनं चपला काढल्या. "विचारतात. गरम होतंय का, गार लागतंय का, पांघरूण देऊ का, एसी कमी करू का. पुस्तकाचं एक पान उलटलं की परत विचारतात. चांगले आहेत बिचारे. पण आजचा दिवस मला कुणी काही विचारू नका."

आम्ही कुणी काही विचारलं नाही. ती खिडकीजवळ दुपारभर झोपली, संध्याकाळी उठून चहा प्यायली आणि बसनं घरी गेली.